उलटी टीप

शिवणयंत्राच्या तेलाला बाटलीत असताना वास असा नसतोच. लोखंडाला लागले की तो जागा होतो. थंड, किंचित गोडसर, पहाटेच्या रहाटासारखा. आजही एखाद्या शिंप्याच्या दुकानावरून जाताना तो वास आला की मला यंत्र आठवत नाही. आठवते ती धुक्यात उभी असलेली सायकलींची लांब रांग, आणि लांब चोचीची बुधली हातात घेऊन एकेका साखळीशी वाकलेल्या कोटगिरेबाई. तेलाचा थेंब सोडायचा, पायडल उलटे फिरवायचे, साखळीला कान लावायचा, मग पुढची सायकल. धुके दाट असले की बाई दिसत नसत. उलट्या फिरणाऱ्या साखळ्यांची किरकिर तेवढी हळूहळू पुढे सरकत राही, आणि ती जिथे थांबे तिथे एखाद्या मुलीचे नाव ऐकू येई. ब्रेक सैल असला तर नाव जरा मोठ्याने येई.

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता लोहा गाव सोडताना जिथे आळोखेपिळोखे दिल्यासारखा वळतो, तिथे आमची मुलींची शाळा होती. मी तिथे मराठी शिकवायला गेले तेव्हा कवितेच्या पदवीची धुंदी माझ्या डोळ्यांवरून उतरली नव्हती. वर्गात शिरताना मला शब्दांची काळजी असे, कोटगिरेबाईंना ब्रेकची. त्या शिवणकाम शिकवत. ठेंगण्या, रुंद मनगटांच्या, कमरेला घट्ट खोचलेल्या पदराच्या. गळ्यात मोजपट्टी, आणि ओठांत टाचण्या. टाचण्या ओठांत धरूनच बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांचे बोलणे थोडके आणि दातांमागून येणारे असे. मुलींना एवढे ठाऊक होते की बाईंनी टाचण्या काढून पदराला टोचल्या, म्हणजे आता येणारे वाक्य मुकाट्याने ऐकून घ्यायचे.

मला त्या पहिल्या दिवसापासून ‘कवितेवाल्या बाई’ म्हणत. त्यात टोमणा होता आणि मायाही होती. कुठले किती, हे मी कधी तपासले नाही.

त्या वर्षांत रस्ता बदलत होता. दुतर्फा कडुनिंब होते, ते गेले. त्यांच्याबरोबर रस्त्यावर पडणारी ती जाळीदार, डुलणारी सावलीही गेली. डांबराचा एक पट्टा होता त्याचे दोन झाले, मध्ये दुभाजक आला. पूर्वी गाडी येताना दुरून खडखड ऐकू येई, खड्डे चुकवताना ती दमे. आता ती वाऱ्याच्या एका फटकाऱ्यासारखी येऊन निघून जाई, आणि आवाज तिच्या मागून पोहोचे. रस्त्यापलीकडच्या वाड्यांतून आमच्या मुली येत. शासनाकडून मिळालेल्या निळ्या सायकली त्यांच्या घरांतील पहिल्याच सायकली होत्या. सायकल होती म्हणून आठवीनंतरची शाळा होती. ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे, पण प्रत्येक घरी ती कुंपणासारखी उभी होती. पोरीला काही झाले, किंवा पोरीबद्दल काही बोलले गेले, तर सायकल घरी आणि पोरगीही घरी.

बाईंना स्वतःला सायकल येत नव्हती. त्याहून विशेष म्हणजे त्यांना रस्त्याची भीती वाटे. त्यांचे घर रस्त्याच्या त्या बाजूला, शाळा ह्या बाजूला. रोज सकाळी त्या कडेला येऊन उभ्या राहत, मोजपट्टीची दोन टोके मुठींत घट्ट धरत, आणि ओठांवरून जीभ फिरवत. मी एकदा त्यांना विचारले, की इतकी भीती वाटते तर मुलींना रस्ता ओलांडायला शिकवायचे काम अंगावर कशाला घेतले? हे काम कोणी त्यांना दिलेले नव्हते. कार्यानुभवाच्या तासांतून त्यांनी ते स्वतःच कापून काढले होते.

त्या म्हणाल्या, “जिला भ्याव वाटत न्हाई तिनं रस्ता शिकवू नये, माय. पोहणाऱ्याला विहीर उथळच दिसती.”

त्यांची शिकवण्याची तऱ्हा सगळी शिवणातून आलेली होती. मैदानावर चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाचा रस्ता आखलेला असे. दुभाजक, थांबा, शाळेचे फाटक, सगळे. तो आखताना बाई गुडघ्यांवर बसून कापडावर खडू ओढावा तशी रेघ ओढत. अर्ध्या मुली बाकांवर चालक होऊन बसत. हातात डब्यांची झाकणे, तीच त्यांची स्टिअरिंगे. उरलेल्या अर्ध्या रस्ता ओलांडत. तोंडाने एसटी, ट्रक, बुलेट असे आवाज काढण्याची चढाओढ चाले, आणि उसाचा ट्रॅक्टर होणारी मुलगी तर टेपवरचे गाणेही स्वतःच म्हणे. त्या गदारोळात बाईंचा दबका आवाज येई:

“धावदोरा न्हाई. उलटी टीप.”

धावदोऱ्यात सुई नुसती पुढे पुढे जाते; भरभर शिवून होते आणि एका ओढीत उसवते. उलट्या टिपेत सुई पुढे जाण्याआधी प्रत्येक वेळी मागे येते. बाईंचे म्हणणे, रस्ता असाच शिवायचा असतो. उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे, आणि पाऊल उचलण्याआधी पुन्हा उजवीकडे यायचे. एकदा एक चुणचुणीत मुलगी म्हणाली की दुभाजक झाल्यावर ह्या पट्ट्यावर डावीकडून कोणी येणारच नाही, मग डावीकडे कशाला बघायचे? बाईंनी टाचण्या काढून पदराला टोचल्या. “नियमानं कुणी येत न्हाई, खरं हाय,” त्या म्हणाल्या. “पण ऊस नियमानं येत न्हाई.” त्यानंतर त्या मैदानावर डावीकडे न बघता कोणी पाऊल टाकल्याचे मला आठवत नाही.

स्कार्फची गोष्टही त्यांच्या शिवणाच्याच तासातली. आमच्याकडे मुली सायकलवर बसल्या की चेहरा स्कार्फने असा गुंडाळून घेत की डोळ्यांची फट तेवढी उरे. उन्हासाठी, धुळीसाठी, आणि ज्याला नाव देत नाहीत अशा आणखी एका कारणासाठी. कान झाकले जात, आणि मागून येणारे काही ऐकू येत नसे. बाईंनी स्कार्फ सोडायला सांगितले नाही. स्कार्फ गेला तर काही मुली जातील, हे त्यांना कळत होते. त्यांनी काज शिकवायचा धडा काढला. सदऱ्याला असते तसे काज, पण बोटभर लांब, स्कार्फच्या दोन्ही बाजूंना बरोबर कानांवर येईल असे. मुली महिनाभर हसल्या. मग कोणीतरी ते काज गुलाबी रेशमाने भरले, कोणी त्याभोवती मणी लावले, आणि त्या हिवाळ्यात लोह्याच्या बाजारात आईबरोबर आलेल्या आमच्या मुली स्कार्फच्या कानांवरून ओळखू येऊ लागल्या.

परंतु डोळ्यांचे काय करायचे, ह्याला शिवणात उत्तर नव्हते.

आमच्या भागात मुलीला चालायला येते त्याच सुमारास तिला एक वाक्यही येते: खाली मान घालून जायचे, खाली मान घालून यायचे. ते कोणी रागावून शिकवत नाही. वेणी घालता घालता, दारात निरोप देता देता ते तिच्या मानेत उतरते. मुली रस्त्याच्या कडेला येत आणि नजर आपल्या पुढच्या चाकावर ठेवून उभ्या राहत. त्या वाट बघत नसत; वाट कधी मोकळी होईल ते ऐकत. आणि मग एकाएकी, मान खाली ठेवूनच, धावत सुटत.

बाईंनी ह्या मानेलाच हात घातला. मैदानावरच्या रस्त्याशी आलेल्या मुलीने थांबायचे, हात वर करायचा, आणि बाकावरच्या चालक मुलीच्या डोळ्यांत सरळ बघायचे. तिने आपल्याला पाहिले, असे तिच्या चेहऱ्यावर दिसेपर्यंत बघत राहायचे. मग कडेला उभ्या असलेल्या बाई विचारत, “बघितलं?” त्यांच्या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की त्या चालकाने तुला पाहिले का. मुलीने स्वतःची खात्री करून “बघितलं” म्हणायचे, तेव्हाच पहिले पाऊल. कधी बाई स्वतः चालक होऊन बसत आणि मुद्दाम मोबाइल बघितल्यासारखे करत, कधी जांभई देत, कधी शेजारणीशी बोलत. जी मुलगी तेवढ्यात निघे, तिला परत बोलावले जाई. “माझी नजर कुठं होती?” असे विचारत. मुलगी अडखळे. “मग तू रस्त्यावर न्हवतीस, माय. माझ्यासाठी तू न्हवतीसच.”

कुणीतरी पाहिल्याशिवाय आपण नसतो, हे मी पुस्तकांतून फार सुंदर शब्दांत वाचले होते. इथे ते फक्कीच्या रेघेवर, डब्याच्या झाकणासमोर उभे होते.

आणखी एक शब्द त्या मैदानावर बंद होता: ‘चल’. मुली घोळक्याने येत, एक ‘चल’ म्हणे आणि बाकीच्या डोळे मिटून तिच्यामागे पळत. बाई घोळक्यात मिसळून उभ्या राहत आणि अगदी मैत्रिणीच्या सुरात कुजबुजत, “चल.” जी निघे तिचे दप्तर मागून धरलेले असे. “दुसऱ्याच्या डोळ्यांनी रस्ता वलांडायचा न्हाई. तिच्या डोळ्यांनी ती जाईल. तुझे कुठं हायेत?”

सोयाबीन रस्त्याच्या अर्ध्या पट्ट्यावर वाळत घातलेले असे तेव्हापासून हळद शिजेपर्यंत हे असे चालले. मुलींच्या माना हळूहळू वर येऊ लागल्या. सकाळी फाटकाशी उभे राहिले की मला ते दिसे. धुक्यातून एक सायकल येऊन कडेला थांबते, एक हात वर होतो, स्कार्फच्या फटीतून दोन डोळे ट्रकच्या उंच काचेकडे जातात, आणि तो अवाढव्य ट्रक, कुणी हलकेच हाक मारल्यासारखा, मंद होतो. त्या क्षणी रस्ता मला एखाद्या मोठ्या, दमलेल्या जनावरासारखा वाटे, जे केवळ ओळख पटली म्हणून बाजूला सरते.

आणि मग एके दिवशी रेणुका आली नाही.

रेणुका नववीत होती. पलीकडच्या वाडीतली, अबोल, गणितात तल्लख. दुसऱ्या दिवशीही ती आली नाही. तिच्याबरोबर येणाऱ्या मुलींनी सांगितले की तिच्या मोठ्या चुलत्यांना कोणीतरी बाजारात सांगितले, तुमची पोरगी थांब्यावर उभी राहून टेम्पोवाल्याच्या डोळ्यांत बघते, हातही करते. चुलत्यांनी सायकलीला साखळीचे कुलूप घातले आणि शाळा बंद म्हणून सांगितले. त्या दिवशी त्या मुलींच्या माना पुन्हा खाली गेलेल्या मी पाहिल्या. बाईंनीही पाहिल्या. एक मुलगी घरी बसली तर रांगेतल्या कितीतरी निळ्या सायकली तिच्यामागे जाणार होत्या, आणि ह्या वेळी कारण ट्रक नव्हता. कारण बाईंचा धडा होता.

शाळा सुटल्यावर त्या निघाल्या. मला म्हणाल्या, “कवितेवाल्या बाई, तुम्ही या. तुम्हाला बोलता येतंय.”

वाडीत हळद शिजत होती. मोठ्या कढयांतून वाफ उठत होती, आणि ती माती, धूर आणि ओल्या मुळांचा वास घेऊन साऱ्या वाडीवर पिवळसर पडद्यासारखी तरंगत होती. माणसे त्या वाफेतून यायची आणि वाफेत जायची. रेणुकाचे चुलते, किसनभाऊ, कढईशी उभे होते. घरातले थोरले तेच, शब्द त्यांचा. रेणुकाचे वडील मारोती जरा बाजूला, ओट्याच्या कडेवर बसलेले; ते दुधाची पिकअप गाडी चालवत. रेणुका दाराआड होती. तिच्या पायांची बोटे तेवढी दाराखालून दिसत होती.

किसनभाऊंनी खाट दिली, चहा सांगितला, आणि मग शांतपणे बोलले. पोरीला शिकायला पाठवले होते, टेम्पोवाल्याच्या डोळ्यांत बघायला नव्हे. मॅडम लोकांचे शहरात चालते, इथे चार तोंडे आहेत.

बाईंच्या ओठांत त्या दिवशी टाचण्या नव्हत्या, तरी त्या दातांमागूनच बोलल्या. “भाऊ, बैलं रस्त्यापलीकडं कशी नेता?”

“हात करतो. गाडीवाल्याकडं बघतो. त्यानं बघितलं की नेतो.”

“पोरीनं तेच केलं.”

किसनभाऊंनी कढईतला झारा हळूच फिरवला. “बैलाला गाव नावं ठेवत न्हाई, मॅडम.”

चहा आला. बाईंनी तो बशीत ओतला आणि फार वेळ फुंकर घालत बसल्या. वाफेत वाफ मिसळत राहिली. मला वाटले, आता उठायचे. तेवढ्यात त्यांनी बशी खाली ठेवली आणि ओट्याकडे वळून मारोतींना विचारले, की तुमची गाडी कुठवर जाते? नांदेडपर्यंत, ते म्हणाले, पहाटे दूध असते. रस्त्याला पोरी दिसतात का? दिसतात.

“दादा, मान खाली घातलेली पोरगी कडेला उभी दिसली, तर तुम्ही काय करता?”

मारोतींनी भावाकडे पाहिले, मग आपल्या हातांकडे. स्टिअरिंगवर घट्टे पडलेले हात होते.

“भ्याव वाटतंय,” ते म्हणाले. “थांबणार का येणार, काहीच कळत न्हाई. हारन मारला तर आणखीनच पळती.” कढईखालची लाकडे तडतडली. मग अगदी हळू, जणू कोणालाच नाही असे, ते म्हणाले, “माझी असली तरी मला कळायचं न्हाई. मान खाली असल्यावर सगळ्या सारख्याच दिसतेत.”

दाराखालची बोटे आत ओढली गेली.

किसनभाऊ कितीतरी वेळ झारा फिरवत राहिले. हळद शिजली होती, तरी फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, “बघू दे मग. पण हसायचं न्हाई, म्हणावं.”

“रस्त्यावर हसू कुणाला येतंय, भाऊ,” बाई म्हणाल्या. “तोंडाला कोरड पडती.”

तेव्हा किसनभाऊच हसले, नाकातून, नाइलाजाने. आणि करदोड्याला बांधलेली छोटी किल्ली सोडून त्यांनी भावाच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी रेणुका रांगेत होती. तेवढ्या दिवसांत घरी बसवलेल्या, त्याच वाडीतल्या आणखी एका मुलीची सायकल मात्र पुन्हा कधी आली नाही. तिच्या घरी बाई दोनदा जाऊन आल्या. सकाळी तेल घालताना रांगेत एका ठिकाणी त्यांची बुधली रिकाम्या जागेवर क्षणभर थांबे.

किल्ली मिळाली त्याच संध्याकाळी वाडीतून परत येताना आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला आलो. दिवस मावळतीला टेकला होता. डांबरावर तांबूस उजेड साचला होता आणि त्यातून जाणाऱ्या गाड्या पाण्यातून जाव्यात तशा वाटत होत्या. माझ्या केसांना, साडीला हळदीचा वास होता. मी त्या मारोतींच्या वाक्यात कुठेतरी हरवले होते. शेजारून आवाज आला, “चल.” मी पाऊल टाकले. माझ्या मनगटाला जोराचा हिसका बसला, आणि समोरून एक जीप गरम वारा सोडून गेली.

“मी म्हणलं म्हणून निघालात?” बाईंच्या मुठीत माझे मनगट होते, आणि त्या ओठांवरून जीभ फिरवत होत्या. मला धडा देताना त्या स्वतःच भ्याल्या होत्या. “मी असले तरी न्हाई. कुणी बी असलं तरी न्हाई.” मग त्यांनी मनगट सोडले, मी मान वर केली, आणि आम्ही आपापल्या डोळ्यांनी तो रस्ता ओलांडला.

पुढे माझी बदली लातूरला झाली. बाई निवृत्त झाल्या. वर्षे नदीच्या वाळूसारखी सरकली. ती सरकताना आवाज होत नाही. रेणुका आता नांदेडला एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्याकडूनच कळले की बाईंच्या डोळ्यांना काचबिंदू झाला आहे, बाजूंचे दिसणे गेले आणि समोरचेही विरत चालले आहे. त्या कोणाला सांगत नाहीत, ती म्हणाली, आणि शाळा सुटायच्या वेळी रोज बाहेर पडतात तेव्हा घरातल्या भाच्याला रस्त्यात हात धरू देत नाहीत. मग शाळेपर्यंत त्या कशा जातात, असे मी विचारले. “जातच न्हाईत,” रेणुका म्हणाली. “अलीकडं, घराच्याच बाजूला उभ्या राहतेत. मुली सुटतेत ते ऐकतेत, आन् घरी येतेत.”

गेल्या हिवाळ्यात मी लोह्याला गेले. बाई खिडकीशी यंत्रापुढे बसल्या होत्या. यंत्र चालू नव्हते. त्या हाताने एका स्कार्फचे काज भरत होत्या, आणि बोटांच्या टोकांनी प्रत्येक टाका चाचपून बघत होत्या. तोच वास होता. मी दारातून बोलले तेव्हा त्यांनी मान उचलली, आणि त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या थोडे पलीकडे, भिंतीवर, जाऊन थांबले.

“कवितेवाल्या बाई,” त्या म्हणाल्या. “लई वाळलात.” मी काही वाळले नव्हते. पण हे त्यांनी न पाहता म्हटले, आणि मला ते कळले असे मी दाखवले नाही.

चहा झाला. ऊन कलले. पलीकडून शाळेची शेवटची घंटा ऐकू आली तेव्हा त्या उठल्या, पदर खोचला, मोजपट्टी गळ्यात घातली. माप कुणाचे घ्यायचे नव्हते. म्हणाल्या, शाळेत जाऊन येऊ. मैदानावर अजून फक्की मारतात म्हणे, ती रेघ पायाला लागते का बघू.

आम्ही कडेला आलो. रस्ता भरून वाहत होता. उसाचे ट्रॅक्टर गाणी सांडत जात होते, आणि धुळीत मावळतीचे ऊन अडकून सगळीकडे सोन्याचा भुगा तरंगत होता. पलीकडे फाटकाशी निळ्या सायकलींची गर्दी होती. स्कार्फ, हात, घंट्या. बाईंनी मोजपट्टीची टोके मुठींत धरली. ओठांवरून जीभ फिरवली. मग त्यांनी उजवीकडे मान वळवली, डावीकडे वळवली, पुन्हा उजवीकडे. एकही टाका न गाळता. त्यांचे डोळे येणाऱ्या गाड्यांवरून अंधारात कापड चाचपणाऱ्या हातासारखे फिरत गेले, आणि कुठल्याच चेहऱ्याशी थांबले नाहीत.

‘चल’ म्हणायचे नव्हते, एवढे मला त्यांनीच शिकवले होते. आम्ही तशाच उभ्या राहिलो. गाड्या गेल्या, आल्या. मग एका हाताची मूठ सुटली, मोजपट्टीचे टोक खाली लोंबले, आणि तो रुंद मनगटाचा हात हवेत थोडा शोधून माझ्या मनगटावर येऊन बसला.

मी दुसरा हात वर केला. दुरून एक पिकअप येत होती. मी तिच्या काचेमागच्या माणसाकडे बघत राहिले. त्याने गाडी मंद केली, आणि त्याची नजर वर आली, माझ्यावर, मग माझ्या शेजारी ताठ मानेने उभ्या असलेल्या त्या ठेंगण्या बाईवर.

बाईंचा चेहरा रस्त्याकडेच होता. ओठ हलले, जणू त्यांत टाचण्या आहेत असे, आणि त्यांनी मला विचारले,

“बघितलं?”